जोडी जुळली, पण मनाला पटली नाही: तुमचे अनुभव सांगा

विनोदी प्रेमकथा बघायला बसलं की ते दोघं शेवटी एकत्र येणार हे ठरलेलंच असतं. तरी काही सिनेमांत मध्यंतरानंतर आपलं मन फितूर होतं आणि हे लग्न मोडलं तर बरं, असं वाटायला लागतं.

माझ्यासाठी तो सिनेमा म्हणजे 'तनू वेड्स मनू रिटर्न्स' (२०१५). तनू नवऱ्याला लंडनच्या मनोरुग्णालयात अडकवून माहेरी येते. मनू परत येतो आणि थेट तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दत्तोच्या मागे लागतो. दत्तो हरियाणाची, खेळाडू, स्वतःच्या हिमतीवर दिल्लीत शिकणारी. फेरे चालू असताना मनूचं मन कुठे आहे हे तिला कळतं, आणि ती स्वतःच थांबते. सगळ्यांसमोर ताठ राहते, बाजूला गेल्यावर मात्र हमसून रडते. दोन्ही भूमिका कंगनाच्याच, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण पुढे तनू-मनूचं काय झालं यात मला काडीचाही रस उरला नाही. या मुलीला आता गावात काय काय ऐकावं लागेल, हेच डोक्यात घोळत राहिलं.

तुमची अशी कुठली जोडी? नुसतं नाव नको, नेमकं कुठे बिनसलं तेही लिहा.

न्यू जर्सीहून

'यूव्ह गॉट मेल' (१९९८). माझ्या वडिलांचं पुस्तकांचं छोटं दुकान होतं, त्यामुळे हा सिनेमा मला सरळ बघताच येत नाही. कॅथलीन आईचं पुस्तकांचं दुकान चालवते आणि जो फॉक्स नावाच्या माणसाच्या भल्यामोठ्या दुकानापायी तिला ते बंद करावं लागतं. तेवढ्यावर मी गप्प बसले असते, धंद्यात हे होतं. पण ती पुस्तक आणि गुलाब घेऊन कॅफेत वाट बघत बसलेली असते, त्या संध्याकाळी त्याला कळतं की नाव न सांगता ज्या मैत्रिणीशी तो इमेलवर बोलतो ती हीच. तिला मात्र तो शेवटपर्यंत सांगत नाही. दुकान गेलं, ती आजारी पडली, हा फुलं घेऊन भेटायला येतो आणि तेव्हाही गप्प! टॉम हँक्स असल्यामुळे ते गोड वाटतं, एवढंच.

हा सिनेमा ज्यावरून केला तो 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (१९४०) जरूर बघा. त्यातही नायकाला आधी कळतं आणि तोही लपवतो. पण दोघं बुडापेस्टच्या एकाच दुकानातले नोकर, तिथे कुणी कुणाचं दुकान बुडवत नाही. त्यामुळे तिथे मी मनापासून त्या दोघांच्या बाजूने होते.

कोल्हापूर

'कुछ कुछ होता है' (१९९८). अंजली कॉलेजात नटून येते तेव्हा राहुल इतरांबरोबर तिला हसतो. काही वर्षांनी ती साडीत, लांब केसांत दिसते तेव्हा याला प्रेम सुचतं. कॉलेजात त्याला बास्केटबॉलमध्ये हरवणारी मुलगी साडी सावरत हरते, ते मला आजही खुपतं. आणि तिचा होणारा नवरा, बिचारा अमन! मंडपात तिचे डोळे बघून स्वतः बाजूला होतो. आमच्या आईचं मत ठाम आहे: "पोरगी अमनकडं सुखात राहिली असती."

नाशिक

'बद्रीनाथ की दुल्हनिया' (२०१७). सिंगापूरला जाऊन नायक बद्री नायिकेला गाडीच्या डिकीत कोंबतो. पुढे सुधारतो, मान्य. पण त्या प्रसंगानंतर मला हसूच आलं नाही.

ठाणे

ताई, मी थोडी वेगळी बाजू मांडते. नायिका चुकीची वागते म्हणून सिनेमा फसतोच असं नाही. 'माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग' (१९९७) मध्ये ज्युलिया रॉबर्ट्स मित्राचं लग्न मोडायला निघते. त्याच्या होणाऱ्या बायकोला, किमीला, गाता येत नाही हे माहीत असून तिला कॅराओकेत पुढे ढकलते. किमी भयंकर बेसूर गाते, पण इतकी जीव ओतून की सगळा बार तिच्यासाठी टाळ्या वाजवतो आणि तो आणखीच तिच्या प्रेमात पडतो. दिग्दर्शक इथे किमीच्या बाजूने आहे, नायिकेला तो मुलगा मिळू देत नाही. म्हणूनच शेवटी ती तिच्या दुसऱ्या मित्राबरोबर (रूपर्ट एव्हरेट) नाचते तेव्हा मला तिच्याबद्दलही माया वाटली. दत्तोच्या बाजूने असं कुणी उभं राहिलं असतं तर मीही तो सिनेमा पुन्हा बघितला असता.