चिरा नाही, टाका नाही: आबांना हायफूसाठी मुंबईला न्यावं का?

यावलकर: आबा ६९ वर्षांचे. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ८.४, एमआरआयमध्ये प्रोस्टेट ग्रंथीच्या डाव्या बाजूला एकच गाठ, बायोप्सीत कॅन्सर, ग्लिसन (तो किती उग्र याची श्रेणी) ३+४. जळगावचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा नाहीतर शेक (रेडिएशन) घ्या. मुंबईत एकाने हायफू सुचवलं, म्हणजे चिरा न देता अल्ट्रासाऊंडच्या लहरींनी गाठ जाळणं. आबा तेव्हापासून खूश आहेत. माझंही मत जावं असंच.

धुळ्याचा मुतखडा: भाऊ, तुले सांगस, मनमोकळा जाय. माझा खडा असाच लहरींनी फोडला, संध्याकाळी घरी.

तापीकाठ: खड्याचं उदाहरण इथे चालत नाही. तिथे धक्क्याने खडा फुटतो, इथे उष्णतेने मांस जाळतात. गुदद्वारातून प्रोब घालून लहरी एका ठिकाणी एकवटतात. तिथलं तापमान ६० अंशांच्या वर जातं आणि तांदळाच्या दाण्याएवढा भाग मरतो. मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. वरून चिरा नसला तरी आत भाजलेलंच असतं. सुजेने लघवी अडते, म्हणून काही दिवस नळी. आणि अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०१५ मध्ये परवानगी दिली ती प्रोस्टेटचं ऊतक नष्ट करायला. 'कॅन्सर बरा होतो' असा शिक्का नाही मारला.

एरंडोलची सून: शिक्क्याचं राहू द्या. माझ्या सासऱ्यांची ग्रंथी काढली, कॅन्सर गेला. पण दीड वर्ष पॅड. एसटीत बसणं सोडलं, लग्नात मांडवाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. गाठ एकाच बाजूला असेल तर तेवढीच बाजू जाळता येते, लघवीवरचा ताबा बहुतेकांचा टिकतो. माणसाला हेही लागतं ना?

तापीकाठ: लागतं, ताई. पण उरलेल्या अर्ध्या ग्रंथीत पुढे काही निघालं तर? पीएसए, एमआरआय, पुन्हा बायोप्सी, दरवेळी मुंबईची गाडी. जाळलेल्या जागी नंतर ऑपरेशन करायचं तर सर्जनलाही जड जातं. यावलकर, ग्रंथी केवढी आहे? फार मोठी असेल किंवा आत चुन्याचे कण असतील तर लहरी नीट पोचतच नाहीत.

यावलकर: आत्ताच सोनोग्राफीचा कागद काढला. ५२ ग्रॅम, खाली 'कॅल्सिफिकेशन' लिहिलंय, म्हणजे तेच चुन्याचे कण. मुंबईत कोणी विचारलंच नव्हतं. सकाळी फोन लावतो. आबांनी बॅग भरून ठेवलीय, त्यांना अजून काही बोललो नाही.