विषय: २१ तारखेच्या रविवारचा सिनेमा बदला (४० तिकिटं)

प्रेषक: प्राजक्ता
रविवार, १४ एप्रिल २०२४, सकाळी ९:१०

मंडळी,

काल आपल्या मंडळाच्या मेळाव्याच्या पहिल्या बॅचबरोबर 'बडे मियाँ छोटे मियाँ' बघून आले. पुढच्या रविवारी दुसऱ्या बॅचला, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या आईबाबांना, हाच सिनेमा दाखवायचा बेत असेल तर कृपा करून आजच थांबवा. सुहास, तू थिएटरशी बोलशील का?

पावणेतीन तासांत आमच्या रांगेत जेमतेम चार वेळा हसू फुटलं, त्यातलं एकदा तर शेजारच्या छोट्या मुलाच्या बोलण्यावर. बाकी वेळ नुसते स्फोट. सुहासच्या माईंनी पहिल्या अर्ध्या तासातच कानातलं यंत्र काढलं, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं आणि मग शेवटपर्यंत पडद्याकडे शांतपणे बघत बसल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मारामारी चांगली होती गं, पण ते दोघं भांडत का होते?" त्या दोघांचं भांडण हाच सिनेमातला विनोद होता. तो माईंपर्यंत पोचलाच नाही, आणि यंत्र लावून बसलेल्या आमच्यापर्यंतही फारसा नाही.

वर्षभर ही मंडळी मेळाव्याची वाट बघतात. त्यांच्यासाठी हा सिनेमा नको.

प्राजक्ता
(३० तारखेपर्यंत दादरलाच आहे)

---

प्रेषक: सुहास
रविवार, १४ एप्रिल, सकाळी १०:०२

प्राजक्ता आणि सर्वांना,

सिनेमा मी एकट्याने ठरवला नाही. पाडव्याच्या आधी याच ई-मेल यादीवर विचारलं होतं आणि 'हलकंफुलकं हवं, ईदचा मोठा सिनेमा हवा' असं बहुतेकांनी लिहिलं होतं. गेल्या वर्षी गंभीर नाटक ठेवलं म्हणून मे महिन्यापर्यंत ऐकून घेतलंय, तेव्हा यंदा कार्यकारिणीने ते मत मानलं.

आता अडचण काय आहे ती नीट वाचा. ४० तिकिटांचे पैसे भरलेत. ते परत मिळणार नाहीत, हे मॅनेजरने पहिल्या दिवशीच सांगितलंय. मात्र त्याच थिएटरमध्ये, त्याच दिवशी, साधारण त्याच वेळचा दुसरा सिनेमा बदलून द्यायला तो तयार आहे. अट एकच, मंगळवारी संध्याकाळपर्यंत पक्कं कळवायचं. शुक्रवारपासून नवा आठवडा लागतो आणि शो कमी-जास्त होतात. ज्या सिनेमाला गर्दी नाही त्याचा दुपारचा शो उडतो, म्हणजे आपण काहीच केलं नाही तरी हा शो राहीलच असं नाही.

म्हणून 'नको' एवढंच लिहू नका, काय हवं ते लिहा.

सुहास

ता. क. माईंचं खरं आहे. पण समोसा आवडला असंही म्हणाल्या.

---

प्रेषक: निखिल
रविवार, १४ एप्रिल, दुपारी १:३०

मी कालच्या बॅचमध्ये होतो आणि मला एवढा वाईट वाटला नाही. टायगर श्रॉफ ज्या सफाईने उड्या मारतो ते मोठ्या पडद्यावरच बघायचं असतं. पृथ्वीराज सुकुमारनचा खलनायक मुखवटा काढेपर्यंत तरी धाक वाटावा असा आहे. आमच्या दोन्ही मुलांनी घरी येऊन गाद्यांवर उड्या मारल्या, माझ्या दृष्टीने पैसे वसूल.

अ‍ॅक्शन-कॉमेडीला लोक उगाच नाटकाची फूटपट्टी लावतात. सुट्टीतला सिनेमा आहे. एसीत बसायचं, पॉपकॉर्न खायचं. आणि दुसऱ्या बॅचमध्ये नातवंडंही आहेत, फक्त आजी-आजोबा नाहीत, हे विसरू नका.

निखिल

---

प्रेषक: वसंतकाका
रविवार, १४ एप्रिल, दुपारी ४:४५

चि. निखिल, आणि मंडळी,

मी गिरगावात परत आल्यापासून यादीवर कमी लिहितो, पण या विषयावर राहवत नाही.

याच नावाचा पहिला सिनेमा १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये आला. त्याच दिवशी 'कुछ कुछ होता है' लागला होता आणि कोणाचं तिकीट काढावं यावरून आमच्या चाळीत दोन तट पडले होते. अमिताभ आणि गोविंदा, दोघांचेही डबल रोल, डेव्हिड धवनचं दिग्दर्शन. गोष्ट म्हणाल तर तीही पोकळच होती. पण गोविंदा बोलायला लागला की अमिताभ थांबायचा, त्याला पूर्ण बोलू द्यायचा आणि मग आपलं वाक्य टाकायचा. एवढा मोठा नट समोरच्याला जागा देतोय, हे बघण्यातच मजा होती. विरारचा पोरगा आणि अमिताभ एका चौकटीत बरोबरीने उभे होते.

आणि निखिल, विनोदाला फूटपट्टी असते. ती प्रेक्षकाच्या हातात असते. १९७१ साली 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूरला लागावा म्हणून बाळासाहेबांना मध्ये पडावं लागलं होतं. एकदा लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. त्यात कुठे हेलिकॉप्टर होतं? अर्धी चड्डी, लोंबती नाडी आणि बोलण्याची वेळ, एवढ्या भांडवलावर दादा कोंडक्यांनी थिएटर हलवलं. या नव्या सिनेमावर साडेतीनशे कोटी लागल्याचं पेपरात वाचतो. एवढ्या पैशात चार चांगले संवाद लिहून मिळाले नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी स्वतः शुक्रवारी पुतण्याबरोबर बघितलाय, ऐकीव बोलत नाही.

आपला,
वसंतकाका

---

प्रेषक: मेधाताई
रविवार, १४ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

वसंतराव, कोहिनूरची आठवण काढलीत, बरं वाटलं. आता तिथे मॉल आहे. चित्रा २०१९ मध्ये बंद झालं. दादरमध्ये चालत जाऊन बघायची थिएटरं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, आणि तुमचे चाळीशेक ज्येष्ठ नागरिक दादरलाच का यायचे म्हणतात याचं उत्तर त्यात आहे. त्यांना मल्टिप्लेक्सचे सरकते जिने नकोत, बाल्कनी नको, स्टॉलच्या मधल्या रांगा हव्यात. सुहास, सिनेमा कुठलाही असो, रांगा बदलू देऊ नकोस.

राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले तेव्हा पहिल्या बॅचमधल्या दोघांना मागच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. कडेची खुर्ची कोणाला द्यायची ते आधी ठरवा.

मेधा

---

प्रेषक: श्रीरंग
रविवार, १४ एप्रिल, रात्री ११:५५

आज वानखेडेवर मुंबई-चेन्नई आहे म्हणून यादी शांत असेल असं वाटलं होतं. सामना हरलो, आता लिहायला मोकळा.

मी हा सिनेमा दोनदा बघितला. दुसऱ्यांदा मुद्दाम, कारण अक्षय कुमारसारखा नट असूनही हसू का आलं नाही ते मला समजून घ्यायचं होतं. 'हेरा फेरी'त ज्याने राजूचा लबाडपणा नुसत्या डोळ्यांनी दाखवला, त्याला वेळ साधता येत नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. अडचण नटाची नाही.

मला जे दिसलं ते असं. फ्रेडी आणि रॉकी हे दोन सैनिक आहेत. एक थोरला, एक धाकटा, शिस्तीवरून कुरकुर, मुलींवरून चिडवाचिडवी. मांडणी उत्तम आहे. पण एकाने शेरा मारला की समोरच्याचा चेहरा दिसायच्या आतच गोळी सुटते, नाहीतर गाडी उडते. प्रेक्षकाला हसायला जो अर्धा क्षण लागतो तो दिलेलाच नाही. कालच्या शोमध्ये माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हसायला लागले आणि पुढच्या स्फोटात त्यांचंच हसणं बुडालं. त्यानंतर त्यांनी फोन काढला तो मध्यंतरापर्यंत ठेवला नाही.

दुसरं, सिनेमाला नक्की काय व्हायचंय ते ठरत नाही. मुखवट्यातला शास्त्रज्ञ, क्लोन, कृत्रिम बुद्धिमत्ता, देशाची संरक्षण यंत्रणा चोरीला, असा भारदस्त मामला आहे आणि त्यात पृथ्वीराज अगदी गंभीरपणे काम करतो. त्याच्या शेजारी या दोघांची टिंगलटवाळी ठेवली की दोन्ही पातळ होतं. देशावर संकट आहे यावर विश्वास बसत नाही, आणि यांच्या टिंगलीला हसावं तर संकट आड येतं. मानुषी छिल्लर आणि अलाया यांच्या वाट्याला तर धड काहीच नाही. अलायाची पॅम संगणकातली हुशार दाखवलीय, पण तिला बोलायला दिलंय ते बालिश. याचा मला खरोखर राग आला.

निखिल, तुझी मुलं खूश झाली हे चांगलंच आहे. पण टायगरच्या उड्या त्यांना पुढच्या सिनेमातही मिळतील.

सुहासने पर्याय विचारलाय. या सिनेमाबरोबरच, ११ तारखेला लागलेला 'मैदान' त्याच थिएटरमध्ये दुपारी आहे. अजय देवगण, फुटबॉल प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांची गोष्ट, १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांतल्या सुवर्णपदकापर्यंत. शेवटचा सामना ज्या पद्धतीने चित्रित केलाय तो बघताना माझ्या मुठी आवळल्या होत्या. ज्येष्ठांना तो काळ आठवतो. माझं मत 'मैदान'ला.

श्रीरंग

---

प्रेषक: वसंतकाका
सोमवार, १५ एप्रिल, सकाळी ७:१५

'मैदान' म्हणत असाल तर मी दोन तिकिटं जास्त घेतो. कूपरेजला फुटबॉलच्या रोव्हर्स कपचे सामने आम्ही कुंपणाला टेकून बघितलेत. नेव्हिल डिसूझा मुंबईत टाटांकडून खेळायचा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल केले आणि आपण चौथे आलो. आजच्या मुलांना हे नाव माहीत नाही. नातवंडांना आणाच.

वसंतकाका

---

प्रेषक: वर्षा (डोंबिवली)
सोमवार, १५ एप्रिल, सकाळी ११:४०

सगळ्यांची मतं वाचली. दादरकरांना आणि गिरगावकरांना सोपं आहे. आम्ही ठाणे-डोंबिवली-कल्याणकडून अकरा जण येणार आहोत, त्यात माझे सासरे ८१ वर्षांचे.

एक, रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असेल की नाही ते शनिवारी कळतं. असला तर धीम्या गाड्या जलदवर वळवतात आणि अधल्यामधल्या स्टेशनांवर थांबत नाहीत. आम्हाला अकराच्या आतच निघावं लागेल. मग दादरला दोन-तीन तास बसायचं कुठे, याचं उत्तर कोणीच दिलेलं नाही.

दोन, 'मैदान' तीन तासांचा आहे. जो सिनेमा नको म्हणताय त्याच्यापेक्षा लांब! मध्यंतरात एकाच वेळी चाळीस ज्येष्ठ प्रसाधनगृहाकडे जातील. तिथली रांग मी गेल्या वर्षी बघितलीय.

तीन, शिवाजी मंदिरला नाटकच का नाही? पेपरातल्या जाहिरातीत रविवारचे दोन-तीन प्रयोग दिसतायत. आवाज बेताचा, हसायलाही मिळेल.

वर्षा

---

प्रेषक: सुहास
सोमवार, १५ एप्रिल, दुपारी १२:०५

वर्षा, नाटकाचे पैसे कोण भरणार? थिएटरचे ४० तिकिटांचे आधीच गेलेत. शिवाय शिवाजी मंदिरचे जिने तुझ्या सासऱ्यांना चढवणार कोण? गेल्या वर्षीचं नाटक आणि त्यावरच्या मेल्स मला पुन्हा नकोत.

---

प्रेषक: मेधाताई
सोमवार, १५ एप्रिल, दुपारी १२:३०

सुहास, गेल्या वर्षीचं नाटक मी सुचवलं होतं आणि ते उत्तम होतं. विषय जड होता, हे मान्य. आत्ता तो विषय नको.

वर्षा, दुपारी सगळ्यांनी आमच्याकडे या. हिंदू कॉलनीत घर तळमजल्यावर आहे, जिने नाहीत. पिठलं-भात आणि ताक करीन. सासऱ्यांना तासभर आडवं होता येईल. थिएटरवर टॅक्सीने जाऊ.

---

प्रेषक: निखिल
सोमवार, १५ एप्रिल, संध्याकाळी ७:५०

ठीक. 'मैदान' घ्या, माझी हरकत नाही. पण एक सांगतो, हिंदीत अ‍ॅक्शन-कॉमेडी बनवायला धाडस लागतं आणि पडली की सगळे तुटून पडतात. महेश कोठाऱ्यांनी मराठीत मारामारी आणि विनोद एकत्र आणला तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. 'धडाकेबाज' आमच्या पिढीने पाठ केलाय. प्रकाराला दोष देऊ नका, या एका सिनेमाला द्या.

---

प्रेषक: श्रीरंग
सोमवार, १५ एप्रिल, रात्री ९:१५

निखिलशी शंभर टक्के सहमत. 'धडाकेबाज'मध्ये लक्ष्या बाटलीतल्या गंगारामशी बोलतो तेव्हा कॅमेरा थांबतो. हसायला वेळ दिलेला आहे. मी तेवढंच म्हणतोय.

---

प्रेषक: प्राजक्ता
मंगळवार, १६ एप्रिल, सकाळी ८:३०

आज संध्याकाळपर्यंतच वेळ आहे. माझ्याकडे आत्तापर्यंत फोनवर आलेली मतं: 'मैदान' बदलून घ्या म्हणणारे बहुसंख्य. तिघांना मूळचाच सिनेमा बघायचाय. त्यांनी आपापली वेगळी तिकिटं काढावीत, मंडळाच्या चाळिसातून नको. माईंना मी 'मैदान'ची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, आवाज कमी आहे का. स्टेडियमचा गलका आहे, पण स्फोट नाहीत, असं सांगितलं तर हो म्हणाल्या.

---

प्रेषक: सुहास
मंगळवार, १६ एप्रिल, संध्याकाळी ५:४०

बदलून घेतलं. रविवार २१ एप्रिल, 'मैदान', दुपारी ३ चा शो. स्टॉल, मधल्या चार रांगा. कडेच्या आठ खुर्च्या ज्यांना उठबस कठीण आहे त्यांच्यासाठी, नावं मेधाताईंकडे द्या. मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी मी आणि निखिल दाराशी उभे राहू, ज्यांना जायचंय त्यांना गर्दी व्हायच्या आत बाहेर काढू. वसंतकाकांची दोन जादा तिकिटं त्याच रांगेत मिळाली, पैसे त्यांनी मला द्यावेत.

पिठलं-भाताला किती जण, हे गुरुवारपर्यंत मेधाताईंना कळवा. वर्षा, मेगाब्लॉकचं शनिवारी कळलं की लगेच लिही.