दाभोळ: करार वीज मंडळाशी, मग लवादात भारत सरकार कसं?

शेवटचं_सेमिस्टर: दाभोळ वीज प्रकल्पाचा १९९३ चा वीजखरेदी करार महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी होता आणि त्यात लंडनच्या लवादाची सोय होती. मग प्रकल्पातल्या भागधारक बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक थेट भारत सरकारविरुद्ध कशा गेल्या? कंपन्या अमेरिकन, तर मॉरिशस मध्येच कुठून आलं? आणि असा दावा आज टिकेल का?

लवादी: दोन हक्क वेगळे ठेवा, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. वीजखरेदी करारातला हक्क दाभोळ पॉवर कंपनीचा, मंडळाविरुद्ध. तिथे वाद बिलाचा. गुंतवणूक करारातला (म्हणजे दोन देशांनी एकमेकांच्या गुंतवणूकदारांना संरक्षण देण्यासाठी केलेल्या करारातला) हक्क भागधारकाचा, देशाविरुद्ध. तिथे बिल का थकलं हा मुद्दा दुय्यम. वसुलीचा रस्ता सरकारी यंत्रणेनेच बंद केला का, हे बघतात. २००१ मध्ये मंडळाने करार संपवला, प्रकल्प बंद पडला. पुढे वीज नियामक आयोग आणि न्यायालयांतल्या लढाईत लंडनचा लवाद अडकला. गुंतवणूकदारांच्या हातात खरं हत्यार आलं ते इथे. राज्य सरकार, मंडळ, आयोग, न्यायालय ही सगळी आंतरराष्ट्रीय कायद्यात भारताचीच अंगं. ‘हे राज्याचं खातं आहे’ म्हणून दिल्लीला हात झटकता येत नाहीत.

मॉरिशसचं म्हणाल तर अमेरिकेशी आपला असा करारच नव्हता. शेअर मॉरिशसमधल्या कंपन्यांच्या नावावर होते आणि मॉरिशसशी १९९८ चा करार होता. जिथे नोंदणी तिथलं नागरिकत्व. प्रकरण २००५ मध्ये तडजोडीने मिटलं, त्यामुळे नजीर म्हणून दाभोळ फारसं कामाचं नाही. त्यासाठी व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीचा २०११ चा निवाडा वाचा: कोल इंडियाविरुद्धच्या निवाड्याची अंमलबजावणी आपल्या न्यायालयांत नऊ वर्षांहून जास्त रखडली, म्हणून भारत हरला. तेही ऑस्ट्रेलियाशी असलेल्या करारातल्या ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्र’ कलमातून (दुसऱ्या देशाला दिलेली सवलत आपल्यालाही मिळावी असं सांगणारं कलम) कुवेतच्या करारातलं कलम उसनं घेऊन!

कलम_पंधरा: आज? मॉरिशसचा करार भारताने २०१७ मध्ये संपवला. संपण्याआधीच्या गुंतवणुकीला पुढे काही वर्षं संरक्षण राहतं, म्हणून आधी शेअर घेतल्याची तारीख तपासा. नवे करार भारताने २०१६ मध्ये ठरवलेल्या नमुना करारावर बेतले जातात आणि तो नमुना कडक आहे. नुकसान कळल्यापासून एका वर्षात भारतीय न्यायालयात जायचं, तिथे पाच वर्षं उपाय शोधायचे. मग वादाची नोटीस, सहा महिने वाटाघाटी, त्यानंतर लवादाची नोटीस, तीही लवादात दावा दाखल करण्याच्या किमान ९० दिवस आधी. यातली एक पायरी चुकली की सरकार सुनावणीच्या आधीच अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेतं. करविषयक सरकारी निर्णय या संरक्षणाबाहेर, महानगरपालिका-ग्रामपंचायतींचे निर्णय बाहेर, ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्र’ कलमच नाही. संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या २०२४ च्या करारात मात्र पाचाची तीन वर्षं झाली.

शेवटचं_सेमिस्टर: आणि निवाडा हातात आला तर वसुली?

लवादी: तिथे घोडं पेंड खातं. भारत इक्सिड कन्व्हेन्शनमध्ये (गुंतवणूकदार-देश वादांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार) नाही, म्हणून न्यूयॉर्क कन्व्हेन्शनचा (परदेशी लवाद निवाड्यांच्या अंमलबजावणीचा करार) आधार घ्यावा लागतो. त्यातही भारताने ‘व्यापारी’ वादांपुरतं बंधन मानलंय. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्होडाफोन प्रकरणात म्हटलं की गुंतवणूक करारातला लवाद १९९६ च्या लवाद कायद्यात बसत नाही. म्हणजे देशात अंमलबजावणीचा पाया डळमळीत, बाहेर मालमत्ता शोधत फिरायचं. भारताने पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या व्यवहारांवर, कर लावलेल्या केर्न या ब्रिटिश तेल कंपनीने तेच केलं. डिसेंबर २०२० मध्ये १.२ अब्ज डॉलरचा निवाडा, जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच. दूतावासाच्या वापरातल्या इमारतीला राजनैतिक संरक्षण असतं, निवासी फ्लॅटबद्दल वाद घालता येतो, म्हणून नेम तिथे. ऑगस्टमध्ये संसदेने पूर्वलक्षी कराची तरतूद मागे घेतली. कराचा परतावा मिळाला, पण व्याज सोडून आणि सगळे खटले मागे घेण्याच्या अटीवर.

कलम_पंधरा: अशिलाला ही व्याजाची गोष्ट पहिल्याच बैठकीत सांगा. फीचा अंदाज त्यावर ठरतो.