पॅलेस्टाइनची रिळं: प्रती वाटायच्या की मूळ परत मागायची?

नीलिमा_पुणे

महिनाभर डोक्यात घोळतंय, म्हणून शेवटी धागा काढतेय.

१९६८ साली अम्मानमध्ये मुस्तफा अबू अली, हानी जौहरिया आणि सुलाफा जादल्ला या तिघांनी पॅलेस्टिनी चळवळीचं चित्रपट पथक उभं केलं. जॉर्डनमधून बाहेर पडावं लागल्यावर पथक बैरुतला आलं. हानी १९७६ मध्ये लेबनॉनच्या डोंगरात लढाईचं चित्रण करता करता गेला. निर्वासित छावण्यांमधलं रोजचं जगणं, बॉम्बहल्ल्यानंतरची घरं, लग्नं, शाळा असं सगळं या लोकांनी टिपलं. खदीजा हबाश्ने यांनी त्या रिळांचा संग्रह लावला. १९८२ मध्ये इस्रायली सैन्य बैरुतपर्यंत आलं, पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेला (पीएलओ) शहर सोडावं लागलं आणि तो संग्रह हातचा गेला. खदीजाबाई आणि नंतरच्या पिढीचे दिग्दर्शक पुढे कित्येक वर्षं तो शोधत फिरले.

आता जे सापडतंय ते कुठे सापडतंय बघा. जपानमधल्या पाठीराख्यांनी १६ मिलिमीटरचे वीस चित्रपट टोकियोत सांभाळून ठेवले होते. बैरुतजवळच्या तल अल-झातर या निर्वासित छावणीवरच्या चित्रपटाचं मूळ चित्रण रोमच्या कामगार चळवळीच्या अभिलेखागारात निघालं. गाझातला पहिला फोटो स्टुडिओ १९४४ मध्ये केघम जेघालियन या आर्मेनियन छायाचित्रकाराने काढला होता. त्याच्या नातवाला २०१८ मध्ये कैरोत वडिलांच्या कपाटात तीन लाल खोकी मिळाली, निगेटिव्हांनी भरलेली. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात खुद्द गाझा शहरात काय झालं? युद्धात महापालिकेचं मध्यवर्ती दप्तर गेलं, रशाद शवा सांस्कृतिक केंद्र गेलं.

म्हणून माझं ठाम मत झालंय की एका इमारतीवर, एका शहरावर भिस्त ठेवायचीच नाही. जे हाताशी आहे त्याच्या भराभर प्रती काढा आणि जो मागेल त्याला द्या. पुण्यात, साओ पावलोत, जकार्तात, कुठेही पडून राहू देत.

विश्वास१९५८

नीलिमाताई, कळकळ पोचली, पण निष्कर्ष पटला नाही.

तो संग्रह "हातचा गेला" असं तुम्ही लिहिलंत. काही भाग कुठे गेला हे आता ठाऊक आहे. रोना सेला या इस्रायली संशोधिकेने वर्षानुवर्षं पत्रं लिहून, वकील लावून उघड केलं की बैरुतहून उचललेल्या चित्रफिती आणि फोटो इस्रायली लष्कराच्या अभिलेखागारात आहेत. इस्माईल शम्मूत या पॅलेस्टिनी चित्रकाराच्या कला विभागाचं कामही त्यात आहे. एकाच्या घरातून नेलेली वस्तू दुसऱ्याच्या कपाटात आहे, एवढं सरळ आहे हे. आपण "प्रत मिळाली ना, मग झालं" म्हणू लागलो तर ज्याने नेली त्याला परत करायचं कारणच उरत नाही.

दुसरं असं की प्रत म्हणजे मूळ नव्हे. मी तीस वर्षं छपाईत काढली, निगेटिव्ह हातात धरली आहे. फिल्मच्या किनारीवर कारखान्याचे अंक असतात, डब्यावर पेन्सिलीने तारीख असते, संकलकाने कापून टाकलेले तुकडे त्याच डब्यात गुंडाळलेले असतात. काय दाखवलं हे प्रत सांगेल. काय दाखवायचं टाळलं ते त्या तुकड्यांत असतं. आणि डब्यावर कोणतं नाव लिहायचं हे डबा ज्याच्याकडे आहे तो ठरवतो. तिथली नोंदणी ताब्यात घेणाऱ्याच्या नजरेने झालीय, हा सेलाबाईंचा मोठा आक्षेप आहेच.

युद्धात सांस्कृतिक मालमत्ता सुरक्षित ठेवण्याबद्दल १९५४ चा हेग करार आहे आणि इस्रायल त्यात सामील आहे. मागणी मूळ वस्तूचीच हवी.

रानजाई

माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. राग मानू नका.

८ जानेवारी २००३ ला पुण्यात प्रभातच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट (पटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची) रिळं जळाली. तो धूर माझ्या वडिलांनी पाहिला, आणि नंतर कित्येक दिवस ते त्याबद्दल बोलत असत. आपले मूकपट किती उरलेत? 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा पुरता नाही. घरचं असं असताना दुसऱ्या देशाच्या रिळांसाठी आपण एवढं का तळमळतोय?

शिवाय ती रिळं एका सशस्त्र चळवळीने काढलेली आहेत. तो प्रचार आहे. प्रचाराला सरसकट वारसा म्हणावं का, याबद्दल मला खरंच शंका आहे.

टेपवाला

रानजाई, पहिल्या मुद्द्याबद्दल एवढंच सांगतो: ज्याच्या घरी आग लागून गेलीय त्यालाच दुसऱ्याच्या घरचा धूर लवकर कळतो.

दुसऱ्याबद्दल थोडं सविस्तर. मी जुन्या कॅसेटी डिजिटल करून देतो, बहुतेक भजनी मंडळांच्या आणि लग्नांच्या. रियाद अव्वाद नावाच्या पॅलेस्टिनी संगीतकाराने पहिला इंतिफादा (इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव) सुरू झाल्यावर, म्हणजे १९८७ मध्ये, बहिणींना दिवाणखान्यात बसवून स्वतः जुळवलेल्या यंत्रांवर गाणी ध्वनिमुद्रित केली. तीन हजार कॅसेटी काढल्या. लष्कराने बहुतेक जप्त केल्या आणि त्यालाही पकडलं. ती गाणी चळवळीचीच आहेत, तुमच्या व्याख्येने प्रचारच. पण त्यात त्या वर्षीचा सिंथेसायझर आहे, बहिणींचे आवाज आहेत, खोलीचा घुमारा आहे. मोमिन स्वेतात या वेस्ट बँकमधल्या जेनिनच्या नटाने गावातल्या बंद पडलेल्या कॅसेट कंपनीचा साठा उपसायला घेतला, त्यातून ही गाणी पुन्हा लोकांच्या कानावर आली. त्याच साठ्यात लग्नातली गाणी आहेत, वाळवंटातल्या भटक्या बदूंची गाणी आहेत. वारसा कुठे संपतो आणि प्रचार कुठे सुरू होतो, याची रेघ कॅसेटच्या आत मारता येत नाही.

आणि कॅसेटीचं आयुष्य मला रोज दिसतं. आतली फेल्टची इवलीशी गादी निखळते, फितीवर पांढरी बुरशी धरते. परवा एका फितीचा लेप वाजवता वाजवता डेकच्या हेडवर तपकिरी भुकटीसारखा उतरला. पुन्हा वाजवली असती तर उरलंसुरलंही गेलं असतं. स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसत बसलो आणि एकाच खेपेत जेवढं मिळालं तेवढं उतरवून घेतलं. अशा वेळी मूळ कोणाच्या मालकीचं हे विचारायला सवड नसते. माझं मत नीलिमाताईंकडे.

अभिलेख_ठाणे

मी अभिलेखागारातच नोकरी करतो. "जो मागेल त्याला द्या" हे वाचून मात्र दचकलो.

बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात पॅलेस्टिनी मौखिक इतिहासाचा संग्रह आहे. १९४८ च्या युद्धात गाव सुटलेल्या पिढीच्या हजाराहून अधिक तासांच्या मुलाखती त्यात आहेत. अशा मुलाखतीत माणूस गावाचं नाव, घराचं नाव, भावाचं नाव सांगून जातो. जुन्या चित्रफितींत छावणीतल्या पोरांचे चेहरे जवळून दिसतात. त्यातली काही आज साठीची असतील, कुठे तरी तपासनाक्यावर रांगेत उभी असतील. त्यांना कोणी विचारलंय का? प्रती अनेक ठिकाणी ठेवा, जरूर ठेवा. पण ठेवणं वेगळं आणि सगळ्यांसाठी उघडणं वेगळं. नीलिमाताई, ही दोन कामं तुम्ही एकच धरलीत.

नीलिमा_पुणे

अभिलेख, चूक मान्य. ठेवणं आणि उघडणं वेगळं, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

विश्वासकाका, तुमच्याशी मात्र अजून भांडायचंय. बैरुतमध्येच पॅलेस्टिनी संशोधन केंद्र होतं. १९८२ मध्ये त्याचा ग्रंथसंग्रह आणि कागदपत्रं सैन्याने नेली. ती परत मिळालीसुद्धा! १९८३ च्या नोव्हेंबरात कैद्यांची अदलाबदल झाली त्यात खोकी परत आली आणि अल्जीरियाला पाठवली गेली. पुढे? एका लष्करी तळावर पडून राहिली आणि हळूहळू त्यांचा माग सुटला. मूळ परत मिळवूनही काही हाती लागलं नाही. तेव्हा कोणी प्रती काढून दहा ठिकाणी ठेवल्या असत्या तर?

विश्वास१९५८

अल्जीरियाचं उदाहरण खरं आहे, आणि ते वाचताना मलाही त्रास होतो. पण ती खोकी तिथे का पडून राहिली? कारण ती घ्यायला स्वतःची जागा, स्वतःची माणसं नव्हती. आज वेस्ट बँकमधल्या बिरझीतला पॅलेस्टिनी संग्रहालय आहे, त्याचा डिजिटल संग्रह घरोघरच्या कपाटांतले फोटो आणि कागद नोंदवून घेतो. १९८३ ची स्थिती आज नाही.

आणि तुम्हीच दिलेलं टोकियोचं उदाहरण पाहा. त्या जपानी मंडळींनी वीस चित्रपट नुसते सांभाळले नाहीत, शेवटी ते मोहनद याकूबी या पॅलेस्टिनी दिग्दर्शकाच्या हाती दिले. परक्याने जपलं, पण सोपवलं घरच्या माणसालाच. मी याहून जास्त काही मागत नाही.

टेपवाला

काका, एकच विचारतो. लष्कराच्या त्या कपाटातली रिळं ॲसिटेटची, म्हणजे जुन्या प्लास्टिकच्या फिल्मची, असणार. ॲसिटेट आंबायला लागलं की डबा उघडताच व्हिनेगरचा भपका येतो, मग फिल्म आक्रसते, वाकडी होते, यंत्रावर चढत नाही. बैरुतहून नेल्याला चाळीसहून अधिक वर्षं झाली. कोर्टकचेरीत आणखी पंधरा गेली तर तुम्हाला मूळ म्हणून परत काय मिळेल?

विश्वास१९५८

हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. छापखान्यात तो वास मी घेतलेला आहे.

ठीक. मागणीच्या कागदावर पहिली ओळ ही असू दे: प्रत्येक रिळाची, किनारीसकट आणि कापलेल्या तुकड्यांसकट, पूर्ण प्रत ताबडतोब पॅलेस्टिनी संस्थेच्या हाती द्यावी. कोणाला दाखवायची ते अभिलेख म्हणतात तसं त्यांनी आणि त्यात दिसणाऱ्या माणसांनी ठरवावं. पण त्याच कागदावर दुसरी ओळ मूळ रिळांची हवी. ती खोडून पहिली ओळ मिळणार असेल तर माझी सही धरू नका.

नीलिमा_पुणे

दोन्ही ओळी ठेवू, काका. मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकते. टेपवाला, किनारीसकट स्कॅन करायला यंत्राला नेमकं काय सांगावं लागतं, ते तेवढं लिहून द्याल का?