मिशिगन २०२४: सगळं क्वार्टरबॅकवर ढकलू नका

मिशिगन युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे क्वार्टरबॅक (बॉल फेकणारे मुख्य खेळाडू) वॉरन आणि ओर्जी या लेव्हलचे नव्हतेच, त्यांच्यामुळे २०२४ चा सीझन गेला, असं दोघा-तिघांनी म्हटलंय. पासिंग, म्हणजे बॉल फेकून पुढे जाणं, भयानक होतं हे कबूलच आहे. यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) टीमविरुद्ध मी स्टेडियममध्ये होतो, पूर्ण मॅचमध्ये पासिंगचे यार्ड फक्त ३२! पुढचा प्ले रनच (बॉल घेऊन पळणं) असणार हे आमच्या रांगेतल्या पोरांनाही कळत होतं आणि समोरच्या डिफेन्सलाही, तरी शेवटी आपल्या मलिंग्जने एका धावेत ६३ यार्ड काढले आणि चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, तोच एंडझोनमध्ये (गुण मिळतो त्या पट्ट्यात) घुसला, २७-२४ने जिंकलो, घसा बसला होता सगळ्यांचा.

पण एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये, कॅलेंडर. आपण ८ जानेवारीला चॅम्पियनशिप खेळत होतो, मग आधीचा क्वार्टरबॅक मॅकार्थी ड्राफ्टला (प्रो टीम नवे खेळाडू निवडतात तिथे) गेला, हेड कोच हारबॉ चार्जर्स या प्रो टीमकडे गेले आणि मूरला हेड कोच केलं तेव्हा जानेवारी संपत आला होता. तोवर ट्रान्सफर पोर्टलमधले (टीम बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतले) चांगले क्वार्टरबॅक दुसरीकडे जाऊन बसले होते, आणायचा कुणाला? त्यात ऑफेन्सिव्ह लाइनचे (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीचे) पाचही स्टार्टर गेलेले, एकूण १३ जण ड्राफ्ट झाले. वॉरन तर वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय आलेला मुलगा, त्याचे पास झेलायला भरवशाचा म्हणावा असा एक लव्हलँड, तोही टाइट एंड (ज्याला ब्लॉकिंगही करावं लागतं). आता स्प्रिंगमध्येही पोर्टलमधून कुणाला आणलं नाही याबद्दल तेव्हाच्या कोचिंग स्टाफला जाब विचारा, तिथे मी तुमच्या बाजूने आहे, पण त्याच वॉरनने कोलंबसमध्ये, त्यांच्याच घरी जाऊन, ओहायो स्टेटला १३-१० हरवलंय, त्या पोराला शिव्या घालणं मला पटत नाही.