मदत हवी आहे: स्वभावचाचणीच्या निकालाचं पुढे करायचं काय?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची. आजोबांच्या घराचे जुने कागद वाचता यावेत म्हणून चाळिशीत पोर्तुगीज शिकायला घेतलंय. सुरुवातीलाच ‘वार्क’ चाचणी भरली. बघून, ऐकून, वाचून-लिहून की हाताने करून, यातलं कसं शिकायला तुम्हाला आवडतं, म्हणजे तुमची शिकण्याची शैली कोणती, ते सांगणारी. माझं आलं ‘ऐकून’. मग तीन महिने पणजीच्या बसमध्ये कानात रेकॉर्डिंग. उच्चार सुधारले, पण कागद समोर धरला की अक्षर लागत नाही! वाचायचं तर वाचूनच शिकायला हवं, हे एवढं उशिरा सुचलं. नंतर कळलं की २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी याविषयीचं संशोधन तपासलं होतं. शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

स्वभावाच्या सोळा प्रकारांवाली चाचणीही दोनदा दिली. पावसाळ्यात अंतर्मुख, शिगम्यानंतर बहिर्मुख. (ढोल-ताशांचा परिणाम असावा.)

तर विचारायचं हे: अशा चाचणीतून कुणाची एखादी सवय खरंच बदलली का? स्वभावाचे पाच पैलू मोजणारी ‘बिग फाइव्ह’ चाचणी कुणी केली आहे का? आणि उत्तरं स्वतः भरावीत, की घरच्यांनाही आपल्याबद्दल भरायला सांगावं? आमचे हे तर पेन घेऊन तयारच बसलेत.