डोळ्याला इजा झाली तर पहिल्या तासात काय करायचं? अनुभव धागा

आपल्याकडे कोल्हापुरात ऊस, फौंड्री (धातू ओतायचे कारखाने) आणि तंबाखूचा चुना या तिन्हींमुळे डोळे जातात, आणि बरेचदा इजेपेक्षा नंतरच्या घरगुती उपायांनी जास्त जातात. या कामातल्यांनी नेमकं लिहावं.

आरोग्यसेविका, शिरोळ तालुका
उसाच्या पाल्याच्या कडेला बारीक दाते असतात. ते बुबुळावर ओढले गेले की ओरखडा उठतो आणि पाल्यावरची बुरशी आत शिरते. पहिल्या दिवशी नुसतं खुपतं, पाणी येतं. मग मेडिकलमधून 'लाली जायचं' औषध आणलं जातं. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांना न दाखवता एक थेंबही घालू नका. लाली उतरते, बरं वाटतं, पण शरीराची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे आत बुरशीला रान मोकळं मिळतं. बुबुळावर पांढरा ठिपका दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यानंतर नॅटामायसिनचे (बुरशीवरच्या औषधाचे) थेंब सुरुवातीला तासातासाला, रात्रीसुद्धा, आणि कित्येक आठवडे घालावे लागतात. एवढं करूनही फूल (बुबुळावरचा पांढरा डाग) राहू शकतं.

पाला लागला की स्वच्छ पाण्यानं धुवा, चोळू नका, पट्टी बांधू नका (बंद डोळ्यात जंतू वाढतात) आणि त्याच दिवशी दाखवा. डॉक्टर पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघतात, तेव्हा ओरखडा हिरवा चमकतो. तपासणी काही मिनिटांची असते. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही नेत्रविभाग आहे.

सेफ्टीचं काम बघणारा, शिरोली एमआयडीसी
ग्राइंडिंगला साधा चष्मा चालत नाही, कण बाजूनं येतो. कडा बंद असलेला गॉगलच हवा. लोखंडी कण बुबुळात रुतला की काही तासांतच गंजायला लागतो आणि भोवती तांबूस कडं धरतो. काडीनं, रुमालाच्या टोकानं काढायला शेजारचा कामगार पुढं येतो, त्याला तिथंच थांबवा.

छिन्नी-हातोड्याचं काम चालू असताना काहीतरी उडून लागलं, तर दुखो न दुखो, कण डोळ्याच्या आत गेला असंच धरून चाला. धुवायचं नाही, दाबायचं नाही. वरून कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टीनं लावा आणि थेट डोळ्यांच्या दवाखान्यात न्या. तिथं 'लोखंड आहे' हे सांगायचंच. अशा वेळी एमआरआय करत नाहीत, चुंबकानं कण आतल्या आत सरकतो.

वेल्डिंगची जळजळ रात्री उठते, म्हणून कारण लक्षात येत नाही. बधिर करणारे थेंब घरी वापरू नका, जखम भरत नाही.

शाळेत आरोग्य तपासणीला जाणारी
चुन्याची पुडी किंवा ट्यूब पोरानं दाबली की चुना उडतो तो सरळ डोळ्यात. इथं गाडी काढण्याआधी नळ गाठायचा. निदान अर्धा तास वाहत्या पाण्यानं धुवा, खालची-वरची पापणी ओढून मागं अडकलेले चुन्याचे खडे ओल्या कापसानं काढा. एक खडा राहिला तरी तो जाळतच राहतो. लिंबू, दूध, तूप काहीही घालू नका. वाटेतही पाणी चालू ठेवा.

काचबिंदूच्या रुग्णांना थेंब शिकवणारा, राजारामपुरी
विषय थोडा वेगळा आहे, पण औषध फुकट जातं म्हणून लिहितो. खालची पापणी ओढून एकच थेंब, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबायचा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. बाटली उघडल्याची तारीख पेननं लिहा, साधारण महिन्याभरानं टाकून द्या. दुखत नाही म्हणून थेंब बंद करू नका, गेलेली नजर यात परत येत नाही. आणि घरात एकाला काचबिंदू निघाला की सख्ख्या भावंडांचा डोळ्यांचा दाबही तपासून घ्या.